सॅम्युअल बोर्नचा हिमालय : काचेवरचा आणि पाठीवरचा

सॅम्युअल बोर्नची हिमालयातील छायाचित्रे पाहताना प्रथम जाणवते ती त्यांतील शांतता. दरी, देवदारांची रांग, दूरवर बर्फाची शिखरे, आणि क्वचित एखाद्या खडकाशी उभी असलेली, डोंगराचे माप कळावे एवढ्यासाठीच ठेवल्यासारखी मानवी आकृती. मात्र त्याच प्रवासांविषयी बोर्नने स्वतः लिहिलेले गद्य वाचायला घेतले की ही शांतता कोठल्या कोठे नाहीशी होते. तेथे गलका आहे, थंडी आहे, ओझी टाकून पळून जाणारी माणसे आहेत आणि त्यांना परत आणणारी काठीही आहे. एकाच माणसाने, एकाच वाटेवरून चालत असता निर्माण केलेल्या या दोन साधनांत एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाने छायाचित्राकडे कसे पाहावे, हेही त्या प्रश्नात अनुस्यूत आहे.

बोर्नचा जन्म १८३४ चा. नॉटिंगहॅम येथील बँकेतील कारकुनी सोडून तो १८६३ साली भारतात आला आणि सिमल्यात त्याने व्यवसाय मांडला. पुढे चार्ल्स शेफर्डसह त्याचे नाव ज्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ या संस्थेला मिळाले, तिची कोलकात्यातील शाखा २०१६ पर्यंत तग धरून होती. बोर्नने हिमालयात तीन मोठे प्रवास केले : १८६३ मध्ये सतलजच्या खोऱ्यातून चिनीकडे, म्हणजे आजच्या किन्नौरमधील कल्प्याकडे, १८६४ मध्ये काश्मीरला, आणि १८६६ मध्ये कुलू, लाहौल, स्पिती असे करीत गंगोत्रीपर्यंत. या शेवटच्या प्रवासात मनिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, त्याने तीन निगेटिव्ह घेतल्या. इतक्या उंचीवरचे छायाचित्रण पुढे सुमारे वीस वर्षे कोणाला साधले नाही. डोंगरात हिंडून छायाचित्रे घ्यावीत आणि ती विकून चरितार्थ चालवावा, या धंद्याच्या आरंभीच्या मानकऱ्यांत बोर्नची गणना करावी लागते.

हा धंदा पाठीवर उभा होता, आणि हे विधान आम्ही शब्दशः करीत आहोत. त्या काळी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रचलित होती. काचेवर कोलोडियनचा थर पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन चित्र उमटवायचे. सारे काम काही मिनिटांत आणि जागच्या जागी उरकावे लागे. म्हणून तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि जड कॅमेरा हा सारा संसार प्रत्येक मुक्कामावर हजर असणे भाग होते. १८६३ च्या प्रवासात हा पसारा वाहण्यास सुमारे तीस माणसे लागली. दहा आठवड्यांत १४७ निगेटिव्ह हाती आल्या. हा आकडा बोर्नच्या नावावर जमा आहे. त्या तीस माणसांची नावे मात्र कोठेही जमा नाहीत.

या प्रवासांची वर्णने बोर्नने ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात लेखमालांच्या रूपाने प्रसिद्ध केली. वाचक व्यावसायिक आणि हौशी छायाचित्रकार. त्यामुळे रसायने, पाणी आणि प्रकाश यांबरोबर माणसांच्या अडचणीही तो तपशिलाने सांगतो. भारवाहक ओझी टाकून गावात दडून बसले, मग त्यांना शोधून काढले, काठी वापरली, हे तो निःसंकोचपणे लिहितो. त्यात त्याला कबुलीजबाबासारखे काही वाटत नाही. घाटातल्या वाईट रस्त्याबद्दल तक्रार करावी, तशी ती तक्रार आहे.

ती माणसे का पळत होती, हे कळण्यासाठी बोर्नच्या लेखांबाहेर पाहावे लागते. डोंगराळ मुलुखात साहेबाचे सामान एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत पोचवणे ही त्या काळी गावकऱ्यांवर लादलेली सक्ती होती. तिला ‘बेगार’ म्हणत. मराठीत आपण ‘वेठबिगार’ म्हणतो; संस्कृत ‘विष्टी’पासून आलेली वेठ आणि फारसीतून आलेली बेगार अशी एकाच जुलमाची दोन नावे आपल्या भाषेने एकत्र बांधून ठेवली आहेत. पिके उभी असताना शेत सोडून परक्याच्या पेट्या उचलायच्या, मोबदला मिळाला तर मिळाला. १९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात कुमाऊँच्या लोकांनी या प्रथेविरुद्ध उघड प्रतिज्ञा केली. सिमल्याच्या डोंगरांतही त्याच सुमारास आंदोलन झाले. बोर्नच्या गद्यातला ‘आळशी’ हमाल हा या प्रतिकाराचा पूर्वज असू शकेल, असे आम्हांला वाटते.

मग छायाचित्रात हे काहीच का नाही? बोर्नने ते लपवले, असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. ओल्या काचेला प्रकाश घेण्यास वेळ लागे. तेवढ्या अवधीत जे हलले ते पुसट झाले. चालणे, चढणे, ओझे उचलणे या क्रियांचे चित्र त्या काचेवर स्पष्ट उमटणे अवघड होते. माणूस चित्रात यायचा तर त्याने आपले काम थांबवून स्तब्ध उभे राहायचे. त्यात बोर्नची अभिरुची इंग्रजी निसर्गचित्रांवर पोसलेली. पाणी, झाडी आणि डोंगर यांची सुखद जुळणी त्याला हवी असे. श्रमाला त्या जुळणीत स्थान नव्हते. तंत्राने जे अवघड केले, ते अभिरुचीने अनावश्यक ठरवले. गद्याला अशी मर्यादा नव्हती. लेखक तक्रार करीत गेला आणि त्या तक्रारीच्या आधाराने, त्याची इच्छा नसताना, भारवाहक इतिहासात शिरले.

येथे एक आक्षेप संभवतो. या चित्रांचे सौंदर्य खरे आहे. मग ते पाहताना हमालांचा हिशेब मागणे म्हणजे कलाकृतीवर अन्याय नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. बोर्न आपल्या निगेटिव्हवर क्रमांक आणि स्वतःचे नाव घालीत असे. कर्तृत्वाचा हिशेब त्यानेच मांडला आहे. आपण तो पूर्ण करावा एवढेच आमचे म्हणणे आहे. सौंदर्य त्यामुळे उणे होत नाही. मनिरंग खिंडीतले चित्र कोणकोणाच्या दमावर तेथवर पोचले हे कळल्यावर त्या बर्फाची थंडी अधिकच जाणवते.

पुढे कोरड्या काचा आल्या. अंधाऱ्या तंबूची गरज संपली, तरी ओझे संपले नाही. १८९९ मध्ये कांचनजंगेची परिक्रमा करणारा आणि १९०९ मध्ये के-टूच्या परिसरात काम करणारा इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरिओ सेल्ला मोठ्या आकाराच्या काचाच वापरीत होता, आणि त्या कोणाच्या तरी पाठीवरूनच वर जात होत्या. आज कॅमेरा खिशात मावतो. पण मोठ्या मोहिमांवर तंबू, शिधा आणि दोर अजूनही दुसऱ्या कोणाच्या पाठीवरून वर चढतात.

वर्गात प्रवासवर्णन शिकवताना बोर्नची चित्रे आणि त्याचे गद्य शेजारी शेजारी ठेवावे, अशी आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : कॅमेरा लावला त्या क्षणी त्याच्या मागे कोण कोण उभे होते? त्याचे उत्तर चित्रात मिळणार नाही. ते शोधण्यासाठी बोर्नची तक्रार पुन्हा, या वेळी त्या माणसांच्या बाजूने, वाचावी लागेल.