हेच नाव का?

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत जुन्या दुकानांच्या पाट्या वाचत फिरा. "आमची कोठेही शाखा नाही" हे वाक्य कुठेतरी भेटेलच. आपण त्यावर विनोद करतो, पण खरं तर तो दुकानदाराचा बिनखर्चाचा ट्रेडमार्क कायदा आहे. नाव मी कमावलंय, दुसऱ्या कुणी ते लावलं तर फसू नका, एवढंच त्याला सांगायचं असतं.

आता समजा, लातूरला 'बालाजी' नावाची डाळमिल आहे आणि नांदेडला 'बालाजी' नावाचं मोबाईलचं दुकान. भांडण होईल? नाही. तूरडाळ घ्यायला निघालेला माणूस चुकून चार्जर घेऊन येत नाही! कायदाही असंच मानतो. ट्रेडमार्कच्या नोंदवहीत माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. एकच नाव वेगवेगळ्या धंद्यांत, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या मालकांकडे सुखाने नांदू शकतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रेडमार्क ही कॉम्पोझिट की आहे: नाव, धंदा आणि देश मिळून.

आणि डोमेन नेम? ती साधी प्रायमरी की. बालाजी.कॉम जगात एकच. शिवाय नोंदणी करताना मशीन एकच प्रश्न विचारतं, "नाव शिल्लक आहे का?" असेल तर पैसे भरा, नाव तुमचं. तुम्हाला हेच नाव का हवंय, हे ते विचारत नाही. सगळी भानगड इथून सुरू झाली.

भारतात ही भांडणं कोर्टात गाजायला लागली १९९९ साली. त्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयात याहूचा खटला आला. कुणीतरी याहूइंडिया.कॉम घेतलं होतं. बचाव असा, की याहू हा तर डिक्शनरीतला शब्द आहे आणि इंटरनेट वापरणारी माणसं शिकलेली असतात, ती फसत नाहीत. कोर्टाने ते मानलं नाही आणि मनाई हुकूम दिला.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात आपली रेडिफ आली. (आपल्या ताई-दादांचा पहिला ईमेल रेडिफमेलचाच असायचा, आठवतंय?) समोरच्याने रॅडिफ.कॉम घेतलं होतं, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई च्या जागी ए, बाकी सगळं तेच. हे नाव सुचलं कसं, तर म्हणे 'रॅडिकल' मधली पहिली तीन अक्षरं, मग इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री यांचं एकेक अक्षर! कोर्टाला ही शब्दकोड्याची कथा पटली नाही. मनाई हुकूम देताना कोर्टाने म्हटलं की डोमेन नेम म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, ट्रेडमार्कला मिळतं तेवढंच संरक्षण त्यालाही मिळायला हवं.

गंमत म्हणजे पुढच्या मोठ्या खटल्यातही अशीच कथा आहे. सत्यम इन्फोवेने आपल्या नावातले तुकडे जोडून 'सिफी' शब्द तयार केला आणि १९९९ मध्ये सिफीनेट.कॉम वगैरे डोमेन घेतली. २००१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने एक एफ जास्त घालून तसंच नाव घेतलं. खुलासा काय, तर आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची ही आद्याक्षरं! बंगळूरच्या दिवाणी कोर्टात सत्यम जिंकली, कर्नाटक उच्च न्यायालयात हरली, आणि ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तिच्या बाजूने निकाल दिला. डोमेनच्या भांडणांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नव्हता (आजही नाही). पण दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा जुना 'पासिंग ऑफ' चा नियम इथेही लागू पडतो, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे तीच गंजगोलाईतली पाटी!

मग दर वेळी मोठी कंपनीच जिंकते का? तसं नाही. १९९९ अखेरीपासून .कॉम वगैरेसाठी कोर्टाबाहेरची एक जागतिक तंटानिवारण पद्धत आहे. तक्रारदाराला तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव फसवं साम्य असलेलं आहे, समोरच्याचा त्यावर काही हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेऊन वापरलंय. २००१ मध्ये अर्मानी या बड्या फॅशन ब्रँडने अर्मानी.कॉम मागितलं. ते होतं कॅनडातल्या एका चित्रकाराकडे. त्याचं नाव ए. आर. मणी! सलग लिहा, झालं अर्मानी. त्याने फक्त स्वतःचं नाव लावलं होतं. अर्मानी हरली.

तीन कथा, तिन्हीत आद्याक्षरं. दोन कोर्टाने नाकारल्या, एक टिकली. कारण माणूस तो प्रश्न विचारतो जो मशीन विचारत नाही: हेच नाव का? एका तरुणाने जिओहॉटस्टार.कॉम घेतलं होतं; दोन्ही कंपन्या एकत्र येतील या अंदाजानेच ते घेतल्याचं त्याने २०२४ मध्ये त्याच साइटवर लिहून टाकलं आणि शिक्षणाचा खर्च मागितला. प्रामाणिक खरं, पण त्या प्रश्नाला याहून अडचणीचं उत्तर कुठलं असेल?

आपल्या गावाकडे हे सगळं दूरचं वाटतं. पण आता क्लासवाल्यांपासून डाळमिलवाल्यांपर्यंत प्रत्येकाची साइट असते. २०१४ पासून .भारत आल्यामुळे पत्ता देवनागरीतही लिहिता येतो, म्हणजे ह्रस्व-दीर्घाचे घोळही आले. लातूर आणि लातुर ही मशीनला दोन वेगळी नावं!

म्हणून गावी गेलात की काकांच्या दुकानाचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. साइट बनवणाऱ्या पोराच्या ईमेलवर असेल तर आधी दुकानाच्या नावावर करून घ्या. आणि जुनी बिलं, पहिल्या पाटीचा फोटो, जुन्या जाहिराती जपून ठेवायला सांगा. उद्या कुणी विचारलंच "हेच नाव का?", तर तीस वर्षांच्या उधारीच्या वह्या हे फार चांगलं उत्तर आहे.