एकशे अकरा विमानांचा हिशेब

सन २००५ च्या जून महिन्यात पॅरिसच्या विमान-प्रदर्शनात दोन भारतीय मागण्या जाहीर झाल्या. अद्याप एकही विमान न उडविलेल्या इंडिगो कंपनीने एअरबसकडे शंभर ए-३२० विमाने नोंदविली. जेमतेम महिनाभरापूर्वी सेवा सुरू केलेल्या किंगफिशरने दुमजली ए-३८० जातीची पाच विमाने मागविली. वर्षाअखेरीस एअर इंडियाने बोईंगशी ६८ विमानांचा करार केला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडे ४३ विमाने नोंदविली. सरकारी मागणी अशी एकशे अकरांची झाली. यांपैकी दूरदृष्टी कोणती आणि धाडस कोणते, हे त्या वेळी सांगणे अवघड होते. त्या दिवसांत तर इंडिगोचीच मागणी सर्वांत अविचारी भासावी अशी होती.

एअर इंडियाची गरज खोटी नव्हती. ताफा जुना झाला होता आणि आपले प्रवासी आखाती व युरोपीय कंपन्या घेऊन जात होत्या. वादाचा मुद्दा संख्येचा आहे. आरंभीचा प्रस्ताव २८ विमानांचा होता. २००४ सालच्या फेरविचारात तो ६८ वर गेला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालाने नेमके यावरच बोट ठेवले : एवढी खरेदी मुख्यतः कर्जावर, आणि स्वतःचे भांडवल नाममात्र. शासकीय खरेदीच्या नस्त्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. गरज सिद्ध करणारी टिपणी वीस पानांची असते. परतफेडीचा परिच्छेद मात्र चार ओळींत उरकतो.

पुढे प्रतिकूलतेची रांगच लागली. २००७ साली दोन्ही सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण झाले, २००८ च्या जुलैत खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरवर पोहोचले. मागविलेली २७ ड्रीमलायनर विमाने २००८ ऐवजी सप्टेंबर २०१२ पासून येऊ लागली आणि चार महिन्यांतच, विद्युत्‌घटाच्या दोषामुळे, जगभरातील त्या जातीची सर्व विमाने जमिनीवर उतरविण्यात आली. अमेरिकेच्या थेट उड्डाणांसाठी घेतलेल्या आठ बोईंग ७७७-२०० एलआर विमानांपैकी पाच एतिहाद कंपनीला विकावी लागली. कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर येत राहिले.

येथे १९४८ चे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. जे. आर. डी. टाटांनी एअर-इंडिया इंटरनॅशनलची मुंबई–लंडन सेवा ८ जून १९४८ रोजी सुरू केली ती अवघ्या तीन कॉन्स्टेलेशन विमानांवर. भांडवलात ४९ टक्के वाटा सरकारचा होता. स्वप्न त्या काळच्या मानाने लहान नव्हते, पण विमाने मोजून घेतली होती.

मग इंडिगोची शंभर विमाने का तरली? राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांनी एकाच जातीचे विमान निवडले, त्यामुळे वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सुट्या भागांचा साठा एकच राहिला. घाऊक मागणीमुळे सवलतीत मिळालेले विमान ताब्यात येताच भाडेपट्टा कंपनीला विकायचे, तेच काही वर्षांच्या भाड्याने घ्यायचे आणि मुदत संपताच परत करायचे, ही त्यांची रीत. विमाने टप्प्याटप्प्याने येत गेली आणि जुनी होण्यापूर्वी जात गेली. बाजारही सुदैवाने वाढत राहिला. ते श्रेय केवळ हुशारीचे मानता येणार नाही. किंगफिशरच्या वाट्याला ते सुदैव आले नाही. पाचपैकी एकही ए-३८० न येता ती कंपनी ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली.

एकाच जातीच्या विमानावर भिस्त ठेवण्याची किंमतही अलीकडे दिसली. प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांतील दोषांमुळे इंडिगोची कित्येक विमाने उभी राहिली, आणि त्याच इंजिनांना दोष देत मे २०२३ मध्ये गो फर्स्टने उड्डाणे थांबविली. त्याच वर्षी फेब्रुवारीत, टाटांकडे परतलेल्या एअर इंडियाने ४७० विमाने मागविली, तर जूनमध्ये इंडिगोने ५००. आकडे २००५ पेक्षा कितीतरी मोठे आहेत. पण एअर इंडियाच्या या मागणीचा धोका आता टाटा समूहाचा आणि भागीदार सिंगापूर एअरलाइन्सचा आहे. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी एअर इंडिया ताब्यात घेतली तेव्हा तिच्या कर्जापैकी १५,३०० कोटी रुपये त्यांनी स्वीकारले. उरलेले सुमारे ४६ हजार कोटी सरकारच्या, अर्थात आपल्या, खाती राहिले.