किटलीच्या वाफेवर सुटलेली पानं

मी मोडी दफ्तरं वाचते. चिकटलेली पानं सोडवायची वेळ आली की हात थरथरतो, आणि दर वेळी अ‍ॅग्नेस स्मिथ लुईस आठवते.

साल १८९२. सिनाईच्या वाळवंटातला सेंट कॅथरिन मठ. अ‍ॅग्नेस आणि मार्गारेट या स्कॉटलंडच्या जुळ्या बहिणी उंटांवरून तिथे पोचल्या. दोघी विधवा, वय ४९, विद्यापीठाची पदवी एकीकडेही नाही. पण अ‍ॅग्नेस सिरियाक भाषा शिकून निघाली होती, आणि दोघींना ग्रीक बोलता येत असल्याने मठातल्या साधूंशी सूर जुळला.

एक मळकी चामडी पोथी हाती आली. पानं एकमेकांना घट्ट धरून बसलेली. अ‍ॅग्नेसने ती किटलीच्या वाफेवर धरून सोडवली. वर संत स्त्रियांच्या कथा होत्या. खाली, खरवडलेल्या फिकट अक्षरांत, शुभवर्तमानं! चामडं महाग, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं लिहीत. त्या खालच्या मजकुरात मार्कचं शुभवर्तमान १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनावर, रिकाम्या कबरीपाशीच थांबतं. पुढची १२ वचनं त्यात नाहीतच.

बहिणींनी फोटो काढून आणले, आणि १८९३ साली केंब्रिजचे पंडित त्यांच्यासोबत मठात जाऊन अक्षरन् अक्षर उतरवू लागले. हाले, हायडेलबर्ग, सेंट अँड्र्यूज या विद्यापीठांनी अ‍ॅग्नेसला मानद पदव्या दिल्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. अ‍ॅग्नेस १९२६ मध्येच गेली होती.

तुमच्या माळ्यावर चिकटलेली पोथी असेल, तर कृपा करून ओढू नका. जाणकाराला दाखवा.