वेताळपंचविशी

प्रेतात संचारलेल्या वेताळाने राजाला सांगितलेल्या अद्‌भुतरम्य कथांचा प्राचीन भारतीय संग्रह. संस्कृत नाव वेतालपंचविंशति. त्याच्या उपलब्ध पाठांपैकी सर्वांत जुने पाठ अकराव्या शतकातील काश्मीरी कवी क्षेमेंद्र आणि सोमदेव यांच्या अनुक्रमे बृहत्कथामंजरी व कथासरित्सागर या पद्यग्रंथांत आढळतात. हे दोन्ही ग्रंथ गुणाढ्याच्या पैशाची भाषेतील लुप्त बृहत्कथेच्या परंपरेतील आहेत. तथापि त्याच परंपरेतील बुधस्वामीच्या बृहत्कथाश्लोकसंग्रहात वेताळकथा नाहीत. त्यामुळे त्या मूळ बृहत्कथेत नसाव्यात, त्या काश्मीरी परंपरेत मागाहून समाविष्ट झाल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात.

सोमदेवाच्या पाठानुसार गोदावरीतीरावरील प्रतिष्ठान (पैठण) येथील राजा त्रिविक्रमसेन हा चौकटकथेचा नायक होय. पुढील परंपरेत त्याची जागा विक्रमादित्याने घेतली. क्षांतिशील नावाचा भिक्षू राजाला रोज एक फळ देत असे. एकदा माकडाने फळ फोडल्यावर आतून रत्न बाहेर पडले. उपकृत झालेला राजा भिक्षूच्या विनंतीवरून कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानातील शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत आणण्यास जातो. वाटेत प्रेतातील वेताळ कथा सांगून शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार; बोलला, तर मौनभंग होऊन वेताळ झाडावर परतणार. या पेचामुळे एकेक कथा स्वतंत्र राहूनही संपूर्ण संग्रह एकसंध होतो.

या कथांचा खरा विषय न्यायनिर्णय हा आहे. एका कथेत घारीने धरलेल्या सर्पाचे विष ब्राह्मणाच्या अन्नात पडून तो मरतो. दोष सर्पाचा, घारीचा, की अन्न देणारीचा? विचार न करता यांपैकी कोणालाही दोषी म्हणणाराच पापी, असे राजा सांगतो. दुसऱ्या कथेत मंदारवतीच्या मृत्यूनंतर एक तरुण तिच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी गंगेत नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. जीवन देणारा पिता, अस्थी नेणारा पुत्र व राखेजवळ राहणारा पती, असा निवाडा राजा देतो. शेवटच्या कथेत बाप एका मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी विवाह करतो. त्यांच्या संततीचे परस्परनाते राजाला सांगता येत नाही व तो मौन राखतो. संतुष्ट झालेला वेताळ भिक्षूचा कपटी हेतू उघड करतो आणि राजा भिक्षूचाच बळी देतो. आजवर ज्ञानामुळे अडलेला राजा अशा रीतीने अज्ञानाच्या प्रामाणिक स्वीकारामुळे वाचतो.

संस्कृतात शिवदासाचा गद्यपद्यमिश्रित व जंभलदत्ताचा गद्यप्रधान असे अन्य पाठ प्रसिद्ध आहेत. शिवदासाचा पाठ हाइन्रिख ऊले याने १८८१ मध्ये, तर जंभलदत्ताचा एम्‌. बी. एमेनो यांनी १९३४ मध्ये संपादित केला. तिबेटी व मंगोल भाषांत या चौकटीची स्वतंत्र रूपांतरे झाली. मुहंमदशहाच्या कारकीर्दीत (१७१९–४८) जयपूरच्या जयसिंगाच्या आज्ञेने सूरत कवीने केलेल्या व्रज अनुवादावरून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात १८०५ च्या सुमारास हिंदुस्थानी बैताल पचीसी तयार झाली. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी (१८३०) हे आरंभीच्या मुद्रित गद्यातील एक उल्लेखनीय पुस्तक होय. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये निवडक कथांचे स्वैर इंग्रजी रूपांतर केले.

मस्तकांच्या अदलाबदलीच्या कथेवर टोमास मान याने १९४० मध्ये जर्मन लघुकादंबरी लिहिली आणि तिच्या आधारे गिरीश कार्नाड यांनी हयवदन (१९७१) हे कन्नड नाटक रचले. राजाने ‘मस्तक हे सर्वांगांत श्रेष्ठ’ म्हणून सहज मिटविलेला प्रश्न या दोघांनी पुन्हा खुला केला. चांदोबा मासिकातील विक्रम-वेताळ मालेने आणि १९८५ मधील दूरदर्शन मालिकेने या कथा घरोघर पोहोचविल्या. ऐकणाऱ्यालाही निर्णयास भाग पाडणारी रचना हेच या संग्रहाच्या चिरंजीवित्वाचे प्रमुख कारण म्हणता येईल.