कनचा नांगर?

आजोबांनी ओटीवरून "नांगर आन रं" अशी हाक मारली की मी आधी विचारायचो, "कनचा? शेतातला का पान्यातला?" आमचं घर बेलापूर पट्टीतल्या आगऱ्यांचं. पावसाळ्यात खारभात, एरवी खाडीत होडी. पडवीच्या कोपऱ्यात लाकडी नांगर उभा असायचा आणि त्याच्या पायाशी चार नखांचा लोखंडी नांगर. मातीत रुततो तो नांगर, मग माती शेतातली असो की खाडीच्या तळाची, अशी माझी तेव्हाची समजूत.

पुढे शब्दांचा नाद लागला तेव्हा कळलं, दोघांची घराणी वेगळी. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'पासून आला. हा शब्द ऋग्वेदात आहे. बलरामाला 'लांगली' म्हणतात तेही त्यावरूनच. तो मुळात इथल्या आर्यपूर्व भाषांतला, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. ज्याची शेती आधीची, त्याचा शब्दही आधीचा.

पाण्यातला नांगर मात्र फारसी 'लंगर'. अरबी समुद्रातल्या व्यापाराबरोबर असे पुष्कळ शब्द किनाऱ्याला लागले. बंदर फारसी, नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा', सुकाणू अरबी. गुरुद्वाऱ्यात जेवायला बसतो तो लंगरही हाच. फकिरांच्या मठातल्या अन्नछत्राला फारसीत लंगरच म्हणत. हिंदी-गुजरातीने जहाजाचा लंगर तसाच ठेवला. बंगालीत शेतातला 'लाङल' आणि पाण्यातला 'नोंगर' वेगळे राहिले. मराठीने दोन्हीकडे 'ल'चा 'न' केला आणि दोघांना एकाच नावाने हाक मारली. क्रियापदही एकच. शेत नांगरायचं, गलबतही नांगरायचं. एकाने बैलांमागं चालायचं, दुसऱ्याने चालतं गलबत थांबवायचं, हे कुणाला कधी खटकलं नाही!

१९७० नंतर नवी मुंबईसाठी इथल्या जमिनींचं संपादन सुरू झालं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. तो मिळाला जमिनीवर. खाडीच्या पाण्याला सातबारा नसतो. आमचं शेत गेलं त्याचा हिशोब कागदावर मांडता आला; होडी जिथं नांगरायचो ती जागा भरावाखाली गेली, तिचा गट नंबर काय सांगणार?

एकदा भंगारवाला दारात आला. "काका, नांगर-बिंगर हाय का जुना?"

आजोबांनी विचारलं, "कनचा?"

त्याला काही कळलं नाही. आजोबा उठले, लाकडी नांगराचा फाळ ठोकून सुटा केला आणि त्याच्या तागडीत टाकला. लोखंडी नांगराकडे त्याने बोट दाखवलं, तर म्हणाले, "त्यो नाय."

होडी विकून तोवर चार वर्षं झाली होती.