प्रतिसरकार आणि साम्यवादाची कसोटी

साम्यवादाचे ध्येय व्यवहारात उतरू शकते काय, याची चर्चा करताना आपली दृष्टी सहसा रशियाकडे वळते. कुपवाडपासून फार दूर नसलेल्या वाळवे-तासगाव भागात १९४३ ते १९४६ या काळात नांदलेले प्रतिसरकार मात्र दुर्लक्षित राहते. साम्यवादी पक्षाचा १९४२ च्या आंदोलनास विरोध असल्याने ते त्या पक्षाचे अपत्य नव्हे. तरीही गावोगावची न्यायदान मंडळे व सावकारीस बसलेला पायबंद यांतून समतेचे तत्त्व तेथे आचरणात आले. क्रांतिसिंह नाना पाटील पुढे साम्यवादी झाले व १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेले. त्या यशामागे संयुक्त महाराष्ट्राची लाटही होती. लोकमुखी रूढ झाले ते ‘पत्री सरकार’ हे नाव. त्यात शिक्षेची धास्ती आहे. तात्पर्य, समता गावाच्या संमतीने रुजली, पण तिच्या रक्षणास धाक लागला. संमती सरून धाकच उरला, तर ते ध्येय उरत नाही.