सही खाली, ठराव वर

तारीख १८ डिसेंबर २०१३. तुम्ही पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत, यादवबाबांच्या मंदिरापाशी आला आहात. थंडी झोंबतेय, माणसांनी कानांभोवती मफलर घट्ट गुंडाळलेत. सतरंजीवर सरकून घ्या, जागा होईल. अण्णा हजारे १० तारखेपासून उपोषणाला बसलेत. काल राज्यसभेनं लोकपाल विधेयक, म्हणजे सत्तेतल्या माणसांवरच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणारा लोकपाल नेमण्याचं विधेयक, मंजूर केलं, आज लोकसभेनं त्यातल्या दुरुस्त्या स्वीकारल्या. अण्णा उपोषण सोडतात आणि घोषणांनी परिसर दुमदुमतो. शेजारचे आजोबा तुमच्याकडे वळतात.

"पाव्हणं, झाला का मग कायदा?"

"नाही बाबा. राष्ट्रपतींची सही राहिलीय."

ती सही बघायला आता दोन आठवडे पुढे, दिल्लीला चला. १ जानेवारी २०१४, राष्ट्रपती भवन. विधेयक प्रणव मुखर्जींसमोर आहे. राज्यघटनेच्या १११व्या कलमानं त्यांना तीन वाटा दिल्यात: संमती द्यायची, ती रोखून ठेवायची, किंवा फेरविचारासाठी विधेयक परत पाठवायचं. २००६ साली तेव्हाचे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाचं विधेयक असंच परत पाठवलं होतं. संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली, कारण दुसऱ्यांदा आलेल्या विधेयकाला संमती नाकारता येत नाही. थांबा, पुन्हा विचार करा, एवढं राष्ट्रपती ठामपणे सांगू शकतात. शेवटचा शब्द मात्र संसदेच्या सभागृहांचा.

मुखर्जी सही करतात. २०१४ सालचा पहिला कायदा जन्माला येतो.

तरी गोष्ट संपत नाही. ३० जानेवारी २०१९ ला पुन्हा राळेगणला या. तेच गाव, तेच अण्णा, पुन्हा उपोषण. कायदा होऊन पाच वर्षं झाली, पण लोकपाल नेमलेलाच नाही. नेमणूक राष्ट्रपतींनी करायची खरी, पण स्वतःच्या मनानं नाही. पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, विरोधी पक्षनेते, सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायाधीश आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ, अशा समितीनं आधी शिफारस करायची. २०१४ च्या लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता, तिथे बराच काळ गाडं अडून राहिलं.

आजोबा याही वेळी आलेत, थोडे वाकलेत. तुम्ही त्यांना समितीचं सगळं सांगता. ते जरा वेळ गप्प राहतात.

"म्हंजे आमच्या ग्रामसभेवानीच की. ठराव गावाचा, सही सरपंचाची. सही खाली असती, ठराव वर. वर काही लिहिलंच नाय, तर सरपंच सही कशाखाली करनार?"

घटनेचं मर्म याहून नेमकं सांगता येणार नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालणारे राष्ट्रपती दुबळे नसतात. त्यांच्या सहीशिवाय संसदेचा निर्णय कायदा होत नाही. पण त्या सहीवरची जागा कोरी राहिली, तर ती भरायला लावणं नागरिकांच्याच हाती असतं.

२३ मार्च २०१९ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांना देशाचे पहिले लोकपाल म्हणून शपथ देतात. शपथ दिल्लीत होते. तिचा आवाज ऐकताना तुम्हाला मात्र थंडीतली ती सतरंजी आठवत राहते, जिच्यावर माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येऊन बसली.